डनमोरसाहेबांचं इंजिन

हॅरो
रविवार, १२ मार्च २००६

प्रिय हरीश,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि तिथेच थांबलो. साडेचार वर्षांनी पत्र येतंय, तेही माझं. तुला माझे आशीर्वाद चालतील की नाही कळेना. पण वयाने मोठ्या माणसाने पत्राच्या सुरुवातीला दुसरं काय लिहायचं तेही सुचेना. तेव्हा तुला, नीनाला आणि तनूला आशीर्वाद.

तुझा पत्ता नीनाच्या मावसबहिणीकडून, सीमाकडून मिळाला. ईलिंगला मंडळाच्या हळदीकुंकवात तुझ्या काकूला, यमुनाला ती भेटली. म्हणाली, तुम्ही इल्फर्डला घर घेतलंत, मागे छोटी बाग आहे, आणि तू तिथल्या एका प्रायमरी शाळेत केअरटेकर आहेस. बॉयलर, कुलपं, मुलांच्या तुटलेल्या खुर्च्या सगळं बघतोस. तनूही त्याच शाळेत जाते. ऐकून बरं वाटलं.

आमचं ठीक चाललंय. यमुनाचा गुडघा थंडीत आखडतो, उन्हाळ्यात मोकळा होतो. मार्च निम्मा होत आला तरी सकाळी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडावं लागतं. हल्ली ते काम यमुनाच करते. मला नोव्हेंबरात साठ पूर्ण होतील.

पेरिव्हेलचं वर्कशॉप आहे तसंच आहे. रॉनने त्याच्या नावाचा बोर्ड नवा रंगवला, छप्पर मात्र तुझ्या लेथच्या जागी अजून गळतं. कामं कमी झालीत. गाडी बिघडली की लोक दुसरी घेतात. आपल्याकडे येतात ते जुन्या गाड्यांचे हौशी लोक. त्यांना घाई नसते.

पत्र लिहायचं कारण कामाचंच आहे. एक विचारायचं होतं.

एक व्ही-एट इंजिन आलंय. साडेतीन लिटर, ॲल्युमिनियमचा ब्लॉक. टॅपेट ज्या भोकांत वर-खाली होतात ती बोअर झिजलीत. रॉनने गेल्या वर्षी लहान बोअरसाठी काट्याच्या तबकडीचं, घड्याळाचं गेज घेतलं, त्याने मी सोळाही बोअर मोजली. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली, आणि मग गेज काटकोनात फिरवून पुन्हा. चांगल्या बोअरमध्ये टॅपेटला इंचाचे एक ते दोन हजारांश, एक ते दोन थाउ जागा हवी. इथे तिनाच्या खाली एकही नाही. सगळ्यात वाईट बोअर साडेचार, खालच्या तोंडाशी तर पाच. गोल राहिलेली नाहीत, कॅमच्या बाजूला लांबट झालीत. टॅपेट आत सोडून बोटाने हलवला तर खटखट आवाज येतो. एवढ्या फटीतून गॅलरीतलं, ब्लॉकमधल्या तेलवाटेतलं तेल पळून जाणार. इंजिन तापलं की प्रेशर पडणार. टॅपेट तिरका बसला की फिरायचा थांबणार आणि कॅम खाणार. हे तुला मी सांगायला नको.

रॉन म्हणतो दुसरा ब्लॉक शोधू. पण जो मिळेल तो तितकाच जुना असणार. मोठ्या मापाचे टॅपेट या इंजिनाला मिळत नाहीत. राहता राहिलं बुश घालणं. सांगलीला तुम्ही डिझेलच्या ब्लॉकना असे बुश घालायचात, तू मला सांगितलं होतंस. बोअर मोठं करून गनमेटलचा नळीसारखा बुश दाबून बसवायचा, इथपर्यंत कळतं. तेलाचं भोक आधी पाडून ठेवायचं की बुश बसल्यावर? आणि शेवटचं माप रीमरवर सोडायचं की दगडाने घासत होन करायचं? ॲल्युमिनियममध्ये मी हे कधी केलेलं नाही, रॉननेही नाही. जमल्यास चार ओळी लिही. नाही जमलं तरी राग नाही.

ब्लॉक कोणाचा ते एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. पिनरच्या डनमोरसाहेबांचा. तोच. इतकी वर्षं त्यांच्या गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली पडून होता. ते म्हणाले, ‘मॉरीन म्हणते, एकतर पुरं कर नाहीतर बाहेर काढ.’ मॉरीनबाई बऱ्या आहेत. मान अजून एका बाजूला वळत नाही म्हणे.

यमुना तुम्हा तिघांची आठवण काढते.

तुझा,
मुरलीकाका


हॅरो
रविवार, ९ एप्रिल २००६

प्रिय हरीश,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. ‘ब्लॉक गरम करा, बुश फ्रीजरमध्ये ठेवा, मग दाबा. तेलाचं भोक बुश बसल्यावर, गॅलरीतून. रीमरवर सोडू नका, होन करा, प्रत्येक टॅपेट त्याच्या त्याच्या बोअरला लावून.’ खाली फक्त हरीश. मला एवढंच हवं होतं. रॉनने ते कार्ड मिलिंग मशीनच्या मागे टाचणीने लावलंय. त्याला मराठी येत नाही, तरी लावलंय. कोणी पाठवलं असं त्याने विचारलं, मी म्हटलं, ओळखीचा एक आहे.

काम सुरू केलेलं नाही. जिग तयार आहे. कॅमच्या बोगद्यात एक दांडा जातो आणि वरची प्लेट ब्लॉकवर बसते, म्हणजे बोअर वाकडं झालं असलं तरी नवं भोक सरळच पडेल. बुशही आलेत. पण सुरू केलेलं नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची ठेवली होती. ती अशी.

ब्लॉक मोजल्यावर मी ऑफिसच्या कपाटातून २००१ सालची फाइल काढली. त्यात माझ्या हातची मापांची शीट आहे. टॅपेट बोअर, एक ते सोळा. प्रत्येकापुढे दीड थाउ. दीड, दीड, दीड, खालपर्यंत. सोळा वेळा. तीस वर्षं जुन्या इंजिनाची सोळा बोअर सारखी कधी असतात का? शिकाऊ माणसानेही ती शीट बघून विचारलं असतं. कोणी बघितलं नाही, कारण खाली माझी सही होती.

त्यानंतर इंजिन नऊशे मैल चाललं. नऊशे मैलांत दीडाचे साडेचार होत नाहीत. ती तेव्हाच साडेचार होती.

तेव्हा आपल्याकडे लहान बोअरचं घड्याळ नव्हतं. छोटं गेज आत घालून फुलवायचं, हलकेच अडकतंय का ते बोटांना कळायला हवं, मग बाहेर काढून मायक्रोमीटरवर धरायचं. सगळा खेळ त्या अडकण्याचा. तू यायच्या आधीपासून मला ते कळत नव्हतं. लंडनला येण्याआधी मी मिडलंड्समध्ये नऊ वर्षं फाउंड्रीत होतो. दिवसभर हातात ग्राइंडर, कास्टिंगच्या कडा घासायच्या. त्याने बोटांतल्या नसा जातात. थंडीत बोटं मेणबत्तीसारखी पांढरी पडतात. आधी मुंग्या येतात. मग मुंग्याही येत नाहीत. अठ्ठ्याण्णवच्या सुमारास माझी दोन्ही हातांची पहिली तीन बोटं गेली. म्हणजे आहेत, पण कळत नाही. डॉक्टरांनी नाव सांगितलं, परत बरं होत नाही हेही सांगितलं. घरी यमुनाला माहीत आहे. माझ्या शर्टाची बटणं तीच लावते. वर्कशॉपमध्ये मी कोणाला सांगितलं नाही. मोठी मापं नजरेने आणि सवयीने निघायची. सिलिंडरला घड्याळ होतं. टॅपेटच्या बोअरला काही नव्हतं.

त्या दिवशी मी गेज आत घातलं, फुलवलं, बाहेर काढलं. काही कळलं नाही. पहिल्या तिघांना वेगवेगळे आकडे आले, पुन्हा घेतले तर तिसरेच आले. मग मी दीड लिहिलं. पहिल्याला लिहिल्यावर बाकीच्यांना लिहायला वेळ लागला नाही.

तू माझ्या शीटवर विश्वास ठेवून इंजिन जोडलंस. सप्टेंबरात डनमोरसाहेब बायकोला घेऊन ऑक्सफर्डकडे निघाले होते. एम-फॉर्टीवर मधल्या लेनमध्ये इंजिन जाम झालं, मागून व्हॅन आदळली. मॉरीनबाईंचं मनगट मोडलं, मानेला लागलं. तेलाचा पंप बसवताना तू आत व्हॅसलीन भरायला विसरलास, म्हणून पहिल्या स्टार्टला पंपाने तेल ओढलं नाही, बेअरिंग कोरडी फिरली आणि पुढे गेली, असं रॉनने ठरवलं. तुला काढलं. दुसरीकडे दोन ठिकाणी तू काम विचारायला गेलास. दोन्हीकडून रॉनला फोन आले. मी तिथेच उभा होतो.

इंजिन गेलं ते तुझ्यामुळे नाही. बोअरमुळे गेलं, आणि बोअर माझी होती. हे तुला सांगायचं होतं. सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात. मला काही वाटलेलं नाही, हलकंही नाही आणि जडही नाही. पण तुला माहीत असायला हवं.

बागेत काय लावलंयस? यमुना विचारते आहे. ती म्हणते इल्फर्डची माती चिकट, मेथी येईल पण कोथिंबीर रुसेल.

मुरलीकाका


हॅरो
रविवार, २१ मे २००६

प्रिय हरीश,

तुझा फोन एकोणीस एप्रिलला आला. बुधवार होता, मी नुकताच कामावरून आलो होतो. आधी तनूचा आवाज आला. ‘हॅलो, तुम्ही मुरलीआजोबा आहे? थांबा हां, माझा बाबा येते.’ मी तिला शेवटचं पाहिलं तेव्हा तिला बोलताही धड येत नव्हतं. मग तू आलास.

‘काका, पत्र वाचलं.’

मी म्हटलं, बरं झालं.

तू म्हणालास, ‘एवढंच?’

मी म्हटलं, ‘हो. एवढंच.’

मागे टीव्हीवर कार्टून चालू होतं. मग ‘बरं’ म्हणालास आणि फोन ठेवलास. यमुनाने स्वयंपाकघरातून विचारलं, कोण होतं? मी म्हटलं, राँग नंबर.

एवढंच नव्हतं. तुला माहीत होतं, आणि तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी मी अख्खं पत्र लिहिलं, हातांवर दोन पानं घातली आणि ते लिहिलं नाही. आता लिहितो.

रॉनच्या ऑफिसात आपण तिघं होतो. तुला इंग्लिश समजायचं, पण चिडलास की तोंडातून फुटायचं नाही. म्हणून रॉन म्हणाला, ‘त्याला त्याच्या भाषेत बोलू दे. मर्ली मला सांगेल.’ त्याने विचारलं, पंप भरला होतास का? तू माझ्याकडे वळून म्हणालास, ‘काका, तुम्हीच व्हॅसलीनचा डबा आणून दिलात ना? मी बोटाने भरत होतो, तुम्ही शेजारी उभे होतात. अजून घाल म्हणालात.’

रॉन म्हणाला, ‘व्हॉट्स ही सेइंग?’

मी म्हटलं, ‘ही थिंक्स ही डिड. ही इज नॉट शुअर.’

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. कोणाचं बोलणं नीट ऐकू आलं नाही की पुन्हा सांगा म्हणून आपण तोंडाकडे बघतो, तसं. मग रॉनने मला विचारलं, ‘डिड यू सी हिम डू इट?’

मी म्हटलं, ‘नो.’

मी दुसरं काही बोललो नाही. तेवढं पुरलं. पंप भरलेला होता हे एकदा नक्की झालं असतं, तर रॉन पुढचं कारण शोधायला निघाला असता. बेअरिंग, मग गॅलरी, मग टॅपेट बोअर. दोन दिवसांत माझ्या शीटपर्यंत पोचला असता. हे सगळं मी त्या खुर्चीत बसून विचार करून ठरवलं नाही. पण ‘नो’ म्हणताना मला ते ठाऊक होतं.

तू त्या दिवशी तुझी पेटी घेऊन गेलास. मी पेटीचं एक हँडल धरून गाडीपर्यंत आलो होतो, तुला आठवत असेल. मला वाटलं तू काहीतरी बोलशील. तू म्हणालास, ‘सांभाळून काका, कडा धारदार आहे.’ माझ्या हातांचं तुला कळलं होतं का, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

तुझ्या फोननंतरच्या रविवारी मी यमुनाला सांगितलं. ती मटार सोलत बसली होती. हातांचं तिला माहीतच होतं. शीटचं सांगितलं, मग ऑफिसातलं सांगितलं.

मग म्हणाली, ‘दरवर्षी दिवाळीला मी नीनाला फोन करायचे. ती उचलायची नाही. मी तिला गर्विष्ठ म्हटलं. सीमासमोर म्हटलं. मंडळात चार बायकांसमोर म्हटलं. तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात.’

मी म्हटलं, हो.

‘मग काही बोलला का नाहीत?’

तिने उरलेले मटार सोलले, सालं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बटणं लावायला आली नाही. मी बिनबटणांची जर्सी चढवून कामावर गेलो. तीन दिवस तसाच. चौथ्या दिवशी आली, खालपासून वरपर्यंत सगळी बटणं लावली आणि आत गेली. ती नीनाला स्वतंत्र पत्र लिहिते आहे. त्यात काय आहे मला माहीत नाही, मी विचारलंही नाही.

रॉनला सोमवारी सांगितलं. चोवीस तारखेला. सकाळी आठला, तो किटली लावत होता तेव्हा. फाइल त्याच्यापुढे ठेवली आणि नव्या मापांचा कागद त्याशेजारी. त्याने दोन्ही कागद वाचले. मग मी हातांचं आणि पंपाचं सांगितलं. आधी त्याचा विश्वास बसेना, म्हणजे हातांवर. ‘तू शुक्रवारी माझ्यासमोर क्रँक ग्राइंड केलास,’ म्हणाला. त्याने नोटिस बोर्डावरची एक पिन काढली आणि माझा हात हातात घेतला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, तो केव्हा टोचतोय याची वाट बघत. शेवटी त्याने पिन टेबलावर ठेवली. बोटावर रक्ताचा ठिपका होता. त्याने तीनदा टोचली होती.

‘जीझस, मर्ली,’ एवढंच म्हणाला. मग म्हणाला, ‘त्याला लहान मूल होतं ना?’ मी म्हटलं, दोन वर्षांची मुलगी.

त्याने मला हाकललं नाही. हाकललं असतं तर सोपं गेलं असतं. म्हणाला, डनमोरचा ब्लॉक पुरा कर आणि मग घरी जा. मापं मात्र तू घ्यायची नाहीस.

तेव्हा ब्लॉक असा केला. मशीन मी चालवलं, रॉन शेजारी उभा राहून प्रत्येक बोअर मोजत होता. तुझं कार्ड समोर होतं, मी त्याला एकेक ओळ इंग्लिशमध्ये सांगत होतो. जिग बसवून एकेक बोअर मोठं केलं. बुश ऑफिसच्या फ्रीजरमध्ये रॉनच्या फिश फिंगर्सशेजारी ठेवले. ब्लॉक ओव्हनमध्ये तापवला. गरम ब्लॉकमध्ये थंड बुश सरळ उतरतात, शेवटी फक्त थोडं दाबावं लागतं. निवल्यावर गॅलरीतून तेलाची भोकं पाडली आणि आतून कडांची धार घासून काढली. मग होन. थोडं होन करायचं, धुवायचं, रॉन मोजणार, टॅपेट सोडून बघणार, पुन्हा होन. सगळी गॅलरी गरम साबणाच्या पाण्याने ब्रशने तीनदा धुतली, कारण बुशचा एक कण राहिला तरी पुन्हा तेच. सहा दिवस लागले. शेवटी कोरडा टॅपेट वरून सोडला की आपल्या वजनाने हळू खाली जायचा, कुठे अडायचा नाही, वाजायचा नाही. सोळाही मापं एक ते पावणेदोन थाउच्या आत. शीटवर रॉनने त्याच्या हाताने लिहिली आणि सही केली. काम चांगलं झालंय. तू बघितलं असतंस तर तूही म्हणाला असतास. मला आनंद व्हायला हवा होता बहुतेक. मी हात धुतले.

जुन्या जॉब कार्डावर ‘पंप भरला नाही, हरीश’ असं रॉनचं वाक्य होतं. त्याने ते खोडलं आणि खाली खरं कारण लिहिलं, तारीख घालून. त्या कार्डाची कॉपी या पाकिटात आहे. रॉनचं तुला लिहिलेलं पत्रही आहे. त्याने स्वतः टाइप केलंय, त्यामुळे स्पेलिंग जाऊ दे. माझी जागा त्याने तुला देऊ केली आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही. तसा हक्क मला नाही. गेल्या शुक्रवारी माझा शेवटचा दिवस झाला.

आता कालचं.

ब्लॉक पिनरला पोचवायला रॉनबरोबर त्याच्या व्हॅनमधून मीही गेलो. डनमोरसाहेबांना मीच सांगायचं असं ठरलं होतं. त्यांनी आणि रॉनने ब्लॉक गॅरेजमध्ये उतरवला. मग स्वयंपाकघरात मॉरीनबाईंसमोर मी सांगितलं. हात, शीट, पंप. डनमोरसाहेब लाल झाले, उठून बागेत गेले आणि आलेच नाहीत. काचेतून दिसत होते, गवत कापायचं मशीन सुरू न करता नुसतं ढकलत होते. रॉन त्यांच्यामागे गेला.

मॉरीनबाई बसून राहिल्या. त्यांना माझ्याकडे बघायला सगळं अंग वळवावं लागतं, मान वळत नाही. त्या म्हणाल्या, ‘त्या दुसऱ्या माणसाने मला पत्र लिहिलं होतं. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा. तुम्हाला माहीत होतं?’

मला माहीत नव्हतं. हरीश, तू हे कधी कोणाला सांगितलं होतंस का? नीनाला तरी?

त्यांनी ड्रॉवरमधून ते काढून आणलं. रेघांच्या वहीचं पान, तुझं अक्षर. इंग्लिशमध्ये होतं. मी इथे मराठीत उतरवतो, या वेळी शब्दाला शब्द.

‘मॅडम, तुम्हाला लागलं याचं मला फार वाईट वाटतं. इंजिन मी जोडलं होतं. पंप मी भरला होता. मिस्टर मुरली यांनी मला डबा दिला होता. त्यांना ते का आठवत नाही मला माहीत नाही. कदाचित त्यांची तब्येत बरी नसेल. ते चांगले गृहस्थ आहेत, मला काम त्यांनीच शिकवलं. तुम्ही लवकर बऱ्या व्हा.’

मी ते दोनदा वाचलं. मॉरीनबाई म्हणाल्या, ‘मला त्याचं खरं वाटलं होतं. माझा नवरा डेरेक म्हणाला, असं तर तो म्हणणारच. मी त्या माणसाला उत्तर लिहायला हवं होतं. लिहिलं नाही.’ मग त्यांनी चहा ठेवला. साखर किती विचारलं. मला सांगता येईना. चाळीस वर्षं मी दीड चमचा घेतो. मी तोंड उघडलं आणि आकडा आला नाही. त्या चमचा धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी चमचा खाली ठेवला आणि माझ्यासमोर बसल्या.

‘वेअर यू इल?’ त्यांनी विचारलं. ‘तेव्हा. त्याने लिहिलंय तसं. तुमची तब्येत बरी नव्हती का?’

बऱ्या मनाने विचारत होत्या. मी नुसती मान हलवली असती तर तेवढ्यावर भागलं असतं. तूही मला तेवढी जागा ठेवली होतीस, साडेचार वर्षांपूर्वी, परक्या बाईला लिहिलेल्या पत्रात.

मी त्यांना जे उत्तर दिलं तेच तुला देतो. माझी तब्येत बरी होती. हात गेले होते, डोकं जागेवर होतं. मला डबा आठवत होता. तू पंपात भरत होतास ते आठवत होतं, मी अजून घाल म्हणालो ते आठवत होतं. रॉनने विचारलं त्या क्षणी मला सगळं आठवत होतं.

मुरलीधर